तिप्पट मेंदू: प्रकल्प नोंदी, इंदूर

१२ मे

प्रदर्शनासाठीच्या मेंदूच्या मॉडेलचा आकार ठरला: खऱ्याच्या तिप्पट. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण साडेसोळा सेंटीमीटर लांब, चौदा रुंद आणि नऊ-साडेनऊ उंच असतो, म्हणजे आपलं मॉडेल ५० × ४२ × २८ सेंमी. पाचपट करायचा विचार होता, पण वाचनालयाचा हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्याच्या वळणावर तो अडकला असता.

शाडूचा प्रस्ताव वजनामुळे बाद. लांबी तिप्पट झाली की घनफळ सत्तावीसपट होतं. खरा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा. तेवढ्याच घनतेचा भरीव तिप्पट मेंदू ३६ किलो भरेल, शाडूचा साठच्या वर. म्हणून आत थर्माकोल आणि वर कागदाचा लगदा.

मांडणी अशी: मेंदू मधोमध उभा दुभंगायचा. डाव्या अर्ध्याची बाहेरची बाजू प्रेक्षकांकडे, उजव्या अर्ध्याची आतली बाजू प्रेक्षकांकडे. असं ठेवलं की दोन्ही अर्ध्यांचं कपाळ बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. एकाच अर्ध्याच्या दोन बाजू शेजारी-शेजारी दाखवल्या तर एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे होतं आणि मुलं पुढचा भाग मागचा समजतात.

१४ मे

पाट्यांवरच्या नावांचा प्रश्न. इथली मुलं शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, घरी मराठी बोलतात. महाराष्ट्राच्या पुस्तकांत मेड्युलाला मस्तिष्कपुच्छ म्हणतात. तो शब्द इथे कोणी ऐकलेला नाही. निर्णय: जिथे मराठी शब्दातून जागा किंवा काम कळतं तिथे मराठी. मोठा मेंदू, लहान मेंदू, मध्यमेंदू, सेतू, ललाटखंड, शंखखंड. जिथे मराठी शब्दही तितकाच परका आहे तिथे मूळ नावच: थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस, कॉर्पस कॅलोसम, मेड्युला.

मस्तिष्कस्तंभाची मापं काढली. मध्यमेंदू २ सेंमी, सेतू अडीच, मेड्युला ३. तिप्पट करून ६, साडेसात आणि ९. खाली मज्जारज्जूचा फक्त वीस सेंमीचा तुकडा. पूर्ण करायचा तर ४५ सेंमीच्या तिप्पट, म्हणजे सव्वा मीटरच्या वर शेपूट लोंबेल.

१७ मे

थर्माकोल सियागंजातून, ५० मिमी जाडीचे पत्रे. प्रत्येक अर्ध्यासाठी आडवे सहा थर. वर-खाली तासून २८ सेंमी उरतात.

कापायला तापलेली निक्रोमची तार, २६ गेज, ४५ सेंमी. ट्रान्सफॉर्मर ६-०-६, पाच अँपिअरचा. दोन टोकांमधले १२ व्होल्ट दिले तर तार लालभडक होते, थर्माकोल वितळून भोक मोठं होतं आणि काळा धूर येतो. मधलं टोक आणि कडेचं टोक धरून ६ व्होल्ट दिले की सुमारे २ अँपिअर वाहतात. तार लाल दिसत नाही, पण लोण्यातून सुरी जावी तशी जाते. तार ताणलेली हवी, कारण तापली की ती लांबते आणि ढिली तार कापताना मध्ये पोट काढते. एका टोकाला स्प्रिंग लावली. काम गच्चीवरच करायचं. हा धूर बंद खोलीत घेण्यासारखा नाही.

१८ मे

थर चिकटवायला कुणीतरी चपलांना लावतात तो रबरी गोंद वापरला. त्यातल्या द्रवाने थर्माकोल खाल्ला, दोन थरांमध्ये बोटभर पोकळी. ते दोन थर फेकले. थर्माकोलला पांढरा फेव्हिकॉलच, पातळ थर, वर वजन ठेवून २४ तास. मधल्या भागात हवा लागत नाही म्हणून तिथे तो उशिरा वाळतो. बांबूच्या चार काड्या आरपार घातल्या.

२१ मे

लगदा. रद्दी दीड किलो. पुरवण्यांचा गुळगुळीत कागद नको, त्यावर मातीचा लेप असतो आणि तो नीट फुटत नाही. नखाएवढे तुकडे, २४ तास पाण्यात, मग अर्धा तास उकळून मिक्सरमधून. एका वेळी मूठभरच आणि भांडं पाऊण भरेल इतकं पाणी, नाहीतर मोटर तापते. पंच्यातून गाळून पिळायचा: गोळा दाबला की थेंब पडावा, धार लागू नये.

त्यात खडूची पावडर २ किलो, फेव्हिकॉल ७५० ग्रॅम, बोरिक पावडर ५० ग्रॅम. जुने कारागीर मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि या मॉडेलला मुलं हात लावणार, म्हणून टाळलं. मळताना भाकरीच्या पिठासारखा झाला पाहिजे. बोटाला चिकटला तर पावडर कमी, भेगा पडल्या तर फेव्हिकॉल कमी.

२४ ते २९ मे

वळ्या घालायचं काम. सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले आणि ते जायलाच हवेत. मेंदूच्या वळ्या वाटेल तशा गिरगोट्या नसतात. माणसागणिक बारीकसारीक फरक असतो, पण मुख्य चर ठरलेल्या जागी असतात आणि ते चुकले तर पुढची प्रत्येक पाटी चुकते.

क्रम असा ठेवला. आधी बाजूची मोठी खाच: पुढून खालून निघून मागे वर जाणारी. तिच्या खाली शंखखंड, वर ललाट आणि पार्श्वखंड. ही थर्माकोलमध्येच ५ सेंमी खोल कापली. तिचे ओठ फाकवले की आत आणखी एक खंड झाकलेला दिसतो, इन्सुला. मग मध्य चर. अर्ध्याच्या पुढच्या व मागच्या टोकांचा मध्य काढायचा, त्याच्या मागे खऱ्या मेंदूत साधारण एक सेंमी, इथे तीन, तिथून सुरुवात करून खाली आणि पुढे तिरकं यायचं. खाली बाजूच्या खाचेला तो सहसा टेकत नाही, थोडा अलीकडेच थांबतो. याच्या पुढची वळी हालचालीची, मागची स्पर्शाची. पुढे-मागे आणखी एकेक समांतर चर. एवढं आखून झालं की उरलेल्या वळ्या आपोआप जागेवर बसतात.

वळीची खरी रुंदी सुमारे एक सेंमी, म्हणून इथे तीन. कडबोळ्यासाठी वळतो तशी लांब वळी पोळपाटावर वळायची, थर्माकोलला पातळ फेव्हिकॉल लावून बसवायची, दोन्ही कडा ओल्या बोटाने खाली दाबायच्या. कडा दाबल्या नाहीत तर वाळल्यावर सुटून येते. एका वेळी सहा मिमीपेक्षा जाड थर नको. जाडी दोन थरांत गाठायची.

बिघाड: पहिल्या दिवशीच्या सगळ्या वळ्यांना आडव्या भेगा. पारा चाळिशीच्या वर, गच्चीवर लू. वरची साल तासाभरात वाळून आकसली, आतला गाभा ओलाच राहिला. आता सावलीत, वर ओलं सुती कापड आणि पहिले बारा तास कापड कोरडं होऊ द्यायचं नाही. भेगा लगदा, फेव्हिकॉल आणि पाणी यांच्या पेजेने बुजवल्या.

एक तडजोड नोंदवून ठेवायला हवी. मेंदूच्या सालीचा, म्हणजे कॉर्टेक्सचा, सुमारे दोन-तृतीयांश भाग चरांच्या आत दडलेला असतो. तिप्पट मॉडेलमध्ये चर सहा सेंमीपर्यंत खोल हवेत. आपले बहुतेक दीड सेंमीचेच आहेत. ही उणीव भरून काढायला शेजारी ४५ सेंमीचा चौकोनी सुती नॅपकिन ठेवायचा, म्हणजे सुमारे २००० चौरस सेंमी. खऱ्या मापाच्या मेंदूची साल उलगडली तर साधारण एवढी भरते. नॅपकिन चुरगाळून दोन ओंजळींत बसवून दाखवला की घड्या कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

३१ मे

लहान मेंदू. इथे तीन सेंमीच्या वळ्या चालत नाहीत. त्याच्या घड्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, समांतर, एकावर एक रचल्यासारख्या. बोटांनी ते जमत नव्हतं. शेवटी सोऱ्या कामी आला: जाड शेवेची चकती, लगदा दोनदा वाटून गाळलेला, त्यात थोडा जास्त फेव्हिकॉल. पाच मिमीच्या शेवा आडव्या रांगेत लावल्या. लगद्यात कागदाचा तंतू मोठा राहिला की चकतीची भोकं तुंबतात आणि दट्ट्या फिरत नाही. चकती लगेच पाण्यात टाकायची, वाळली तर टाचणीने एकेक भोक कोरावं लागतं. हा सोऱ्या आता फराळाला वापरायचा नाही, त्यावर लाल रंगाने खूण केली आहे.

वजनात लहान मेंदू एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण मेंदूतल्या अंदाजे ८६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६९०० कोटी एकट्या त्याच्यात. पाटीवर हे दोन आकडे एकाखाली एक लिहायचे.

३ जून

उजव्या अर्ध्याची आतली बाजू. मध्यभागी कॉर्पस कॅलोसमची कमान, खरी दहा सेंमी, इथे तीस. दोन अर्ध्यांना जोडणारे सुमारे वीस कोटी तंतू याच पट्ट्यातून जातात. कमानीखाली थॅलॅमस, ९ सेंमीचा अंडाकृती गोळा. त्याच्या खाली-पुढे हायपोथॅलॅमस आणि त्याला तारेच्या देठाने लटकवलेली पिट्युटरी, वाटाण्याएवढी ग्रंथी, तिप्पट केल्यावर लहान लिंबाएवढी. सेतूच्या मागे, लहान मेंदूच्या पुढे तंबूसारखी पोकळी सोडली: चौथं निलय, मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांपैकी एक. लहान मेंदूच्या कापलेल्या तोंडावर पांढऱ्या रंगाने फांद्या-फांद्यांचं झाड, ज्याला शरीररचनेच्या पुस्तकांत जीवनवृक्ष म्हणतात.

निलयांत आणि मेंदूभोवती असतो त्या द्रवाची बाटलीही शेजारी ठेवायची: १५० मिलिलिटर पाणी. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून एका वेळी साधारण एवढंच असतं, तयार मात्र रोज सुमारे अर्धा लिटर होतं आणि तेवढंच रक्तात परत शोषलं जातं. त्यात तरंगल्यामुळे १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅमचा होतो.

७ जून

तपासणी. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवून निवृत्त झालेल्या बाई आल्या होत्या. त्यांनी काढलेल्या चुका:

पहिली मोठी चूक: आतली बाजू आम्ही फळीसारखी सपाट ठेवून त्यावर रंगाने भाग दाखवणार होतो. बाई म्हणाल्या, "अहो, हा भाग कापलेला नाहीच. दोन अर्धे नुसते शेजारी-शेजारी असतात. सुरी लागते ती कॉर्पस कॅलोसमला, मस्तिष्कस्तंभाला आणि लहान मेंदूला. बाकी सगळीकडे वळ्याच हव्यात." म्हणजे कमानीभोवती कमानीसारखीच फिरणारी एक लांब वळी, आणि मागे दोन खोल चरांचा आडवा पडलेला वाय. त्यातल्या खालच्या चराच्या दोन्ही काठांवर दृष्टीचं मुख्य क्षेत्र.

दुसरी: हिप्पोकॅम्पस आतल्या बाजूवर थॅलॅमसच्या शेजारी काढला होता, बऱ्याच तक्त्यांत दिसतो तसा. तो तिथे नसतो. शंखखंडाच्या पोटात, आत वळलेला असतो. दुरुस्ती: डाव्या अर्ध्याच्या शंखखंडाला कापून झाकण केलं. आत १५ सेंमीचा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या पुढच्या टोकाशी बदामासारखा अमिग्डाला (भावनांशी जोडलेला भाग). झाकणाच्या कापलेल्या कडेला बाहेरून ८ मिमी करडी पट्टी, आत पांढरं. कॉर्टेक्सची खरी जाडी अडीच-तीन मिमी, तिप्पट करून आठ.

तिसरी: डावीकडचा मध्य चर आम्ही बाजूच्या खाचेत नेऊन मिळवला होता. दोन सेंमी बुजवला.

आतल्या बाजूच्या वळ्यांना चार दिवस जास्त लागले.

१३ जून

रंग. डावा अर्धा नकाशासारखा: ललाटखंड निळा, पार्श्वखंड पिवळा, पश्चकपालखंड हिरवा, शंखखंड केशरी. उजवा अर्धा खऱ्यासारखा, करडा-गुलाबी. दोन्ही अर्धे रंगीत करायला विरोध होता आणि तो बरोबर होता. मेंदू उघडला तर चार रंगांचे प्रांत दिसत नाहीत, खंडांची नावं तर वरच्या कवटीच्या हाडांवरून पडलेली आहेत. मध्यमेंदूत एक काळी पट्टी मुद्दाम दाखवली. इथल्या पेशींत रंगद्रव्य असतं आणि त्याच डोपामिन बनवतात. कंपवातात त्या मरत जातात आणि पट्टी फिकी पडते.

लाकडावरचं तेलाचं वार्निश पांढऱ्यावर पिवळं पडलं. ॲक्रिलिकचं पारदर्शक वार्निश आणलं, दोन हात, मध्ये चार तास.

१६ जून

दिवे, पहिली जोडणी. ५ मिमीचे एलईडी, पॉवरला मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर. सगळं जेल रोडवरून.

भोकं थर्माकोलपर्यंत पाडून मागून तारा काढल्या. बंदुकीतला गरम गोंद थर्माकोल वितळवतो, म्हणून दिवा फेव्हिकॉलमध्ये बसवायचा. डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) काम बाहेर, टेबलावर. आत फक्त तयार तारा सोडायच्या. आत डाग द्यायला गेलं की मुठीएवढी पोकळी होते. अशी एक सेतूच्या मागे झाली आहे, लगद्याने भरली.

बिघाड: चाचणीसाठी तीन दिवे एकाच रोधावर (रेझिस्टरवर) एकत्र लावले होते. लाल लागला, निळा आणि पांढरा लागेनात. लाल एलईडी २ व्होल्टला चालू होतो आणि जोडीचं व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो. निळ्या-पांढऱ्याला ३ च्या वर लागतं. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रोध: लालला २२० ओहम, पांढऱ्या-निळ्याला १५०.

१९ जून

इथे काम थांबवून मूळ आराखडा बदलला. आधी ठरलं होतं ते असं: दहा बटणं, प्रत्येकावर मेंदूच्या भागाचं नाव, दाबलं की तो एक दिवा लागतो. बाजारातल्या प्रत्येक तक्त्यात आणि शाळेच्या प्रत्येक प्रदर्शनात हेच असतं: ललाटखंड म्हणजे विचार, पश्चकपाल म्हणजे दृष्टी, लहान मेंदू म्हणजे तोल. पाठ करायला सोपं, आणि त्यातून नेमका खोटा समज तयार होतो की मेंदू म्हणजे दहा खोल्यांचा वाडा, प्रत्येक खोलीत एक भाडेकरू.

नवा आराखडा: बटणावर भागाचं नाव नाही, काम लिहायचं. दाबलं की त्या कामाला लागणारे सगळे दिवे लागतील. दहा कामं, २१ दिवे, २५ जोड्या.

"उजवी मूठ वळा": डाव्या अर्ध्यावर हालचालीच्या वळीतली हाताची जागा, उजव्या अर्ध्यावर लहान मेंदू, आणि मेड्युलाचं खालचं टोक. तिथे हालचालीच्या तंतूंपैकी ८५ ते ९० टक्के बाजू ओलांडतात. मोठा मेंदू विरुद्ध बाजूचा, लहान मेंदू त्याच बाजूचा. दोन फळ्यांवर दोन दिवे लागल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

"शब्द ऐका, परत म्हणा": शंखखंडाच्या वरच्या कडेला ऐकण्याची जागा, तिच्या मागे वेर्निकेचं क्षेत्र, पुढे ललाटखंडात ब्रोकाचं, आणि हालचालीच्या वळीत तोंडाची जागा. पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये ज्या रुग्णाचा मेंदू तपासला तो "टॅन" एवढंच बोलू शकत होता, समजत मात्र बरंच होतं. कार्ल वेर्निकेने १८७४ मध्ये उलटं वर्णन केलं: बोलणं अस्खलित, अर्थ हरवलेला. दोघांच्या जागा बहुतेक लोकांत डाव्या अर्ध्यात, म्हणून हे चार दिवे डावीकडे.

"समोरचं चित्र": थॅलॅमस आणि पश्चकपालखंड. डोळे पुढे, पाहण्याची जागा डोक्याच्या पार मागे.

"सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, नुसता वास": घ्राणकंद, अमिग्डाला, ललाटखंडाची खालची बाजू. थॅलॅमसचा दिवा मुद्दाम नाही. बाकी संवेदना आधी थॅलॅमसला हजेरी लावून वर जातात, वास ती चौकी टाळून सरळ आत शिरतो.

"चटका": मज्जारज्जू, थॅलॅमस, स्पर्शाच्या वळीतली हाताची जागा. हात मागे घ्यायचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो, दुखतंय हे वर नंतर कळतं.

"परवा रात्री काय जेवलात": हिप्पोकॅम्पस आणि ललाटखंडाचा पुढचा भाग. १९५३ मध्ये एच. एम. या रुग्णाच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढला गेला. त्यानंतर नवी आठवण टिकेना, पण आरशात बघून चित्र गिरवण्याचं कौशल्य दिवसागणिक सुधारत गेलं. आठवणीचंही एकच कपाट नाही.

उरलेली: "एका पायावर उभे राहा" (लहान मेंदू, सेतू, पायाच्या स्पर्शाची जागा, जी वळीच्या अगदी माथ्यापाशी, आतल्या बाजूला आहे), "श्वास" (मेड्युला, सेतू), "तहान" (हायपोथॅलॅमस, पिट्युटरी), आणि "डोळ्यावर टॉर्च" (फक्त मध्यमेंदू, बाहुली आकसते). एकाच दिव्याचं हे एकमेव बटण.

२१ जून

नवी जोडणी झाली आणि "मूठ" दाबल्याबरोबर सेतू आणि पायाची जागाही उजळली. अनंत चतुर्दशीच्या झांकीसारखं. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. मूठ आणि श्वास या दोन्ही बटणांच्या तारा मेड्युलाच्या दिव्यावर एकत्र येतात. मूठ दाबली की वीज मेड्युलापाशी पोचते, तिथून उलटी श्वासाच्या तारेत शिरते, सेतू लावते. सेतूवरून एका पायाच्या तारेत, आणि पायाची जागा लावते.

उपाय: प्रत्येक जोडीत एक डायोड, ४१४८ नंबरचा, म्हणजे वीज बटणाकडून दिव्याकडेच जाईल. डायोडवरची काळी रेघ दिव्याच्या बाजूला. सामायिक दिवे चारच आहेत (लहान मेंदू, मेड्युला, सेतू, थॅलॅमस), तेव्हा आठच डायोड पुरले असते. पण पुढे कोणी जोडी वाढवली तर पुन्हा हाच घोळ होईल, म्हणून पंचवीसही लावले. डायोड ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे रोध कमी केले: लालला १५० ओहम, पांढऱ्या-निळ्याला ८२. दोन डायोड उलटे लागले होते. त्यांचे दिवे लागतच नव्हते. मल्टिमीटरने प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी तपासल्याशिवाय डाग द्यायचा नाही.

आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) लावून दिवे क्रमाने लावता आले असते. शब्दाच्या बटणाला तो क्रम खरंच हवा आहे. पण प्रदर्शनानंतर हे मॉडेल वाचनालयात राहणार, आणि बिघडलं तर साध्या मल्टिमीटरवर दुरुस्त व्हायला हवं. क्रम पाटीवर आकड्यांनी लिहिला.

२५ जून

पाऊस लागला. तीन दिवसांत लहान मेंदूच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी, बरोबर जिथे वार्निश पोचलं नव्हतं तिथे. शेवांच्या मधल्या फटी ओल धरतात. कोरड्या ब्रशने झाडलं, बोरिक पावडरचं पाणी अगदी हलकं फवारलं, साठ वॅटचा बल्ब हातभर अंतरावर ठेवून दोन दिवस वाळवलं. बल्ब जवळ नेला की आतला थर्माकोल बसतो. मग फटींत बारीक ब्रशने वार्निश. खाली फळीला टेकणारी बाजूही रंगवायची असते, हे विसरलो होतो.

२९ जून

पाट्या लिहून झाल्या. दोन वाक्यं सुचवली गेली होती, दोन्ही काढली. "माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो": खोटं, कुठल्याही भागाला इजा झाली की काही ना काही जातंच. "डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत": भाषा डावीकडे झुकलेली आहे एवढंच खरं, उरलेलं कॅलेंडरवरचं.

फिनिआस गेजची पाटी ललाटखंडाशी: १८४८, रेल्वेचं काम, साडेतीन फुटांच्या वर लांबीची लोखंडी सळई गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर. तो जगला; चालणं-बोलणं शाबूत, वागणं बदललं.

बाजूच्या खाचेतून बाहेर येणारी मधली धमनी: ९ मिमीची रबरी नळी, लाल रंगवलेली. तिच्याखालची पाटी सगळ्यात मोठ्या अक्षरांत. डावी धमनी तुंबली की उजवा हात आणि चेहरा लुळा पडतो, वाचा जाते. तोंड वाकडं, हात उचलत नाही, शब्द अडखळतात: यातलं एक जरी अचानक दिसलं तर १०८ ला फोन, आणि शेवटचं धडधाकट केव्हा पाहिलं ती वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. मालीश आणि लसूण यांत तो वेळ घालवू नये, हे वाक्य बाईंनी सांगून घालायला लावलं.

२ जुलै

चाचणी, सातवी ते नववीची मुलं. जे अडलं ते:

"मूठ" दाबल्यावर मुलं उजवी मूठ वळण्याऐवजी दिव्याकडे बघत राहतात. पाटीवर आता "आधी वळा, मग दाबा".

एका मुलीने विचारलं, उजव्या हाताला चटका बसला तर थॅलॅमसचा दिवा उजव्या अर्ध्यात का? बरोबर पकडलं. उजव्या हाताची बातमी डाव्या थॅलॅमसमधून जाते. आपल्या मांडणीत डाव्या अर्ध्याची आतली बाजू मागे लपलेली आहे, त्यामुळे दिवा बसवायला जागा नव्हती. डाव्या अर्ध्याला १० मिमीचं भोक पाडून आत, खऱ्या खोलीवर, दुसरा थॅलॅमस-दिवा बसवला. भोकातून बघितला की दिसतो. "चटका" आता त्याला जोडला, "चित्र" उजव्यालाच राहिलं. दिवे २२, जोड्या २५च.

हिप्पोकॅम्पसचं झाकण दहा मिनिटांत बिजागरीतून निखळलं. बिजागरी काढून दोन चुंबकं लावली.

५ जुलै

वजन: दोन्ही अर्धे, फळ्या सोडून, साडेसहा किलो. नेताना मस्तिष्कस्तंभाला धरून उचलायचं नाही. आतून दोन काड्या आहेत, पण सेतूच्या मागची ती भरलेली पोकळी अजून कच्ची आहे. खालून दोन्ही हात लावायचे.

सुट्या भागांचा डबा फळीच्या मागे चिकटवला: डायोड ८, लाल आणि पांढरे एलईडी चार-चार, १५० आणि ८२ ओहमचे रोध, एक बटण, शंभर ग्रॅम वाळवलेला लगदा. लगदा वापरताना कोमट पाण्यात तासभर भिजवून त्यात चमचाभर फेव्हिकॉल घालायचा. जोडणीचा तक्ता झाकणाच्या आत, लॅमिनेट करून.

राहिलेलं: "तहान" बटण आठ-दहा वेळा दाबलं की अडकतं, बदलायचं आहे. पिट्युटरीचा देठ एका मुलाने वाकवला, तार जाड हवी, १४ गेज.